कोऱ्या रकान्यातली अकराशे सत्तावीस पोरं

चारशे अठरा हा आकडा मनिषानंच काढला होता आणि तो चुकला होता. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून पुष्कळांना वाटतं, की ही पोरगी दुसऱ्यांच्या चुका हुडकत फिरणारी. तसं काही नव्हतं. चूक तिची स्वतःची होती, आणि ती लपवायला सगळे जण तिला मदत करायला तयार होते. भांडण झालं ते तिनं ती मदत घेतली नाही म्हणून.

मनिषा आसाराम तांदळे. वडवणीपासून आठ किलोमीटरवरच्या वस्तीवरची. तिचे आई-बाप, चंद्रभागाबाई आणि आसाराम, बावीस हंगाम ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की ट्रक यायचा. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, कोयते आणि माणसं एकावर एक भरायची, आणि ट्रक सुटायचा तो थेट कारखान्याच्या तळावर. पाचवीपर्यंत मनिषाची शाळा अर्ध्या वर्षाचीच होती. जूनमध्ये पटावर नाव यायचं, दिवाळीनंतर पोरगी गायब. वर्गात भागाकार शिकवला तेव्हा ती कर्नाटकातल्या एका तळावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावाला, सत्यमला, मांडीवर घेऊन बसलेली. गावाकडं परत आली तर पोरं अपूर्णांकावर पोचलेली.

पुढं आत्या रतनबाई आडवी आली. वडवणीत तिचं शिवणकाम होतं, पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. ट्रक वस्तीवर उभा असताना ती तिथं आली आणि पोरीचं गाठोडं खाली ओढून म्हणाली, "हिला मी ठिवून घेते. कुणाला इचारायचं न्हाई अन् कुणी मला सांगायचं न्हाई." ट्रक गेला, पोरगी राहिली. सहावीत तिला भागाकार आला आणि मग गणितानं तिची पाठ सोडली नाही. बीडला संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी, संभाजीनगरला एमएस्सी. तिथंच ती 'आर' शिकली. ही संख्याशास्त्रवाल्यांची संगणकाची भाषा. हजारो ओळींचा तक्ता तिच्यापुढं टाकायचा आणि सांगायचं, यातल्या अमुक अटीत बसणाऱ्या ओळी वेगळ्या काढ आणि किती भरल्या ते सांग. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर समोर.

सत्ताविसाव्या वर्षी तिला बीडच्या एका संस्थेत नोकरी लागली. जालना रोडला टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचं कार्यालय. संस्थेचं काम असं, की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधली शाळकरी पोरं मोजायची आणि ज्या गावात अशी पंधरा किंवा जास्त पोरं असतील तिथं हंगामापुरतं वसतिगृह चालवायचं. पोरं गावात राहतील, जेवतील, शाळेत जातील. आई-बाप ऊस तोडून येईस्तोवर.

मोजणी त्या वर्षी उशिरा झाली. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. अडतीस गावं, शाळेच्या पटावरची तीन हजार नऊशे सहा पोरं, एका पोराची एक ओळ. संस्थेची माणसं मोबाईल घेऊन घरोघर गेली आणि विचारत सुटली, यंदा पोरगं किती महिने गावाबाहेर राहणार? उत्तर महिन्यांच्या रकान्यात भरायचं.

तक्ता मनिषाच्या हाती आला. महिने तीन किंवा तीनापेक्षा जास्त, एवढ्या ओळी गाळणी लावून वेगळ्या काढ आणि मोज, असं तिनं लिहिलं. उत्तर आलं चारशे अठरा. तिनं कागदावर उतरवलं आणि प्रकल्पप्रमुख विजयसिंह सरांकडं दिलं.

विजयसिंह सरांचा चेहरा फुलला. साठीकडं झुकलेला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. घरची बागायती, पण सामाजिक कामाची हौस. "मागच्या वर्षी हजाराच्या वर होती," ते म्हणाले. "निम्म्याच्याही खाली आणली आपण. ह्याला काम म्हणतात." त्यांनी आकडा त्याच दिवशी वर, शिक्षण खात्याकडं, पाठवला. हिशोबानं नऊ गावांत वसतिगृह लागणार होतं आणि संस्थेकडं माणसंही तेवढ्यापुरतीच होती. सगळं कसं जुळून आलं.

तीन दिवसांनी ती गाववार तक्ता करायला बसली. अडतीस गावांची यादी खाली सरकत गेली आणि एका ओळीवर तिचा हात थांबला. तिची स्वतःची वस्ती. पुढं आकडा होता शून्य.

शून्य कसा असेल? दिवाळीला ती घरीच होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ट्रक गेलेले तिनं डोळ्यांनी बघितले होते. शेजारच्या घरातली तिन्ही पोरं टपावर बसून तिला हात करत गेली होती.

तिनं उलटी मोजणी लावली. तीन महिन्यांपेक्षा कमी किती? दोन हजार तीनशे एकसष्ट. म्हणजे दोन्ही मिळून दोन हजार सातशे एकोणऐंशी. आणि पोरं तीन हजार नऊशे सहा. तिनं दोनदा बेरीज केली, मग वहीवर हातानं केली. अकराशे सत्तावीस पोरं ना इकडं होती ना तिकडं.

त्या ओळी तिनं उघडल्या. महिन्यांचा रकाना कोरा. शेरा मात्र प्रत्येकीत होता. कुठं 'घर बंद', कुठं 'कुलूप', कुठं 'कुणी नाही'.

चूक कुठं झाली ते तिला लख्ख कळलं होतं, पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट. कोऱ्या रकान्याला विचारलं, की तू तीनापेक्षा मोठा का, तर तो म्हणतो माहीत नाही. आणि गाळणी फक्त 'हो' म्हणणाऱ्याला आत घेते. 'माहीत नाही' म्हणणारा चुपचाप बाहेर पडतो. संगणक ओरडत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. जे घर कारखान्यावर गेलं म्हणूनच बंद होतं, तेच घर मोजणीतून गेलं होतं.

ती तडक विजयसिंह सरांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सर, आकडा चुकलाय. माझ्याकडून चुकलाय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला. "मनिषा, आकडा वर गेलेला आहे."

"दुसरा पाठवू."

"काय म्हणून पाठवू? आम्हाला मोजता येत नाही म्हणून?" ते समजावणीच्या सुरात आले. "हे बघ, घर बंद म्हणजे ऊसतोडीलाच गेले असं थोडंच आहे? लग्नाला गेले असतील, रानात असतील. कोरं ते कोरं. तुझ्या नोकरीला कुणी हात लावत नाही. विषय संपव."

"कोरं ते कोरंच, सर. तेच म्हणते मी. आपण त्याला 'गावातच आहे' असं धरलंय."

"अहवालावर तुझं नाव आहे. उगाच स्वतःच्याच नावाला काळं फासून घेऊ नकोस."

"नाव माझं हाय म्हणूनच," मनिषा म्हणाली. कार्यालयात ती जपून, पुस्तकी बोलायची. रागावली की वस्तीवरची भाषा वर यायची. "शून्य लिहिलंय माझ्या वस्तीपुढं. तिथली पोरं काय मेली का?"

गुरुवारी बैठक होती, तिथं अहवाल तसाच वाचायचा, एवढंच सरांनी सांगितलं.

बैठकीला वीसेक माणसं होती. वसतिगृहांना मंजुरी देणाऱ्या, शिक्षण खात्याच्या एक मॅडम, काही मुख्याध्यापक, दोन अंगणवाडी सेविका, आणि चौसाळ्याकडचे अर्जुनराव. अर्जुनराव म्हणजे मोठी शेती, पांढरी गाडी आणि प्रत्येक बैठकीत पहिली खुर्ची. विजयसिंह सरांनी वाचायला घेतलं. चारशे अठरा म्हटल्यावर मॅडमनी मान वर केली.

"एवढी कमी? कुणी काढला हा आकडा?"

सरांनी मनिषाकडं हात केला. कौतुकानंच केला. ती उठली.

"मी काढला, मॅडम. चुकीचा काढला."

तिनं लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि सगळ्यांसमोर मोजणी लावली. आधी चारशे अठरा. मग उलटी. मग बेरीज. मग तिनं कोऱ्या रकान्याच्या ओळी उघडल्या आणि खालपर्यंत सरकवत नेल्या. घर बंद, घर बंद, कुलूप, घर बंद. पडदा भरला, पुन्हा भरला, सरकतच राहिला. एका मुख्याध्यापकांना त्यांच्या शाळेतली नावं दिसली, ते खुर्चीवरून अर्धे उठले.

"म्हणजे ही सगळी गेलेली?" मॅडमनी विचारलं.

"ते मला माहीत न्हाई. गेलेली असतील, नसतील. पण ती घरी हायेत असं मी लिहिलं, ते खोटं हाय."

विजयसिंह सर पाणी प्यायले. मॅडमनी तारीख बघितली. पंधरा दिवस देते, त्या म्हणाल्या. खात्रीचा आकडा आणा. नाही आला तर चारशे अठराच कायम.

बाहेर आल्यावर सर एवढंच बोलले, "गाडी नाही, माणूस नाही. तूच कबूल केलंस, तूच निस्तर." आणि जिना उतरून गेले.

खाली अर्जुनराव गाडीला टेकून उभे होते. त्यांनी मोबाईलवर बेरीज करून ठेवली होती. "पंधराशे पंचेचाळीस!" ते म्हणाले. "शाब्बास गं पोरी. उद्या मी पत्रकारांना बोलावतो. तू फक्त आकडा सांग, बाकीचं मी बगतो. सगळ्यांची तोंडं बंद करू."

मनिषाला क्षणभर बरं वाटलं. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी शाब्बास म्हणालं होतं. पण तिनं मान हलवली.

"तो आकडा न्हाई माझा. त्यातले किती गेले ते मोजायचंय अजून."

"अगं, थोडं इकडं तिकडं झालं तर कोण बगतंय? मोठा आकडा लागतो लोकांना जागं करायला."

"त्यांनी कोऱ्याला शून्य धरलं, तुमी कोऱ्याला एक धरताय. फरक काय, अर्जुनराव? पोराकडं तर कुणीच बगितलं न्हाई."

अर्जुनरावांचं हसू आटलं. "लई शिकलीस," म्हणून ते गाडीत बसले. अशा रीतीनं एका दुपारी तिनं दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांना दुखावलं, आणि हाती राहिली फक्त यादी.

बैठकीतल्या दोन सेविकांपैकी एक अजून फाटकाशी उभी होती. सरस्वतीबाई. पन्नाशीची बाई, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"मोजायला घरात माणूस कशाला लागतो?" ती म्हणाली. "यी उद्या, दावते."

दुसऱ्या दिवशी दोघी सरस्वतीबाईच्या गावात हिंडल्या. पहिल्याच बंद घरापाशी बाई थांबली. दारात बाभळीची काटेरी फांदी लावलेली. "हे शेळ्या-कुत्री शिरू नयेत म्हणून. रानात जाणारा माणूस दाराला काट्या लावत न्हाई." पुढच्या घराची चूल मातीनं लिंपून बंद केलेली. त्याच्या पुढच्या घराची कोंबडी शेजारणीच्या अंगणात दोरीला बांधलेली, सांभाळायला दिलेली. "गेले." एका घराला कुलूप होतं, पण ओटीवर ओलं धुणं वाळत होतं. "हे हायेत. लिही, घरीच." तासाभरात सत्तावीस घरं झाली आणि प्रत्येकाच्या शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेतली. एकही उत्तर चुकलं नाही.

"अशा बाया प्रत्येक गावात हायेत," सरस्वतीबाई म्हणाली. "तुमच्या लोकांनी मोबाईल घिऊन दारं वाजिवली. आमाला कावून इचारलं न्हाई?"

मनिषानं गावागावाची यादी वेगळी काढून दिली आणि सरस्वतीबाईनं ती आपल्या मैत्रिणींना पाठवली. अडतीस गावं, अडतीस बाया. नियम तीनच. घर बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं, आणि खात्री नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं, अंदाज करायचा नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो यायचे, वहीच्या पानांचे. मनिषा एकेक ओळ भरायची. संस्थेनं रजा बिनपगारी धरली. तिनं त्याबद्दल विचारलंही नाही.

काही वस्त्या अशा होत्या, की शेजारीही गेलेले. सगळी रांगच बंद. तिथं मुकादमाशिवाय इलाज नव्हता, कारण टोळीत कोण कोण आहे ते तोच सांगणार. पण मुकादम पोरांचं नाव काढत नाही. तळावर पोरं काम करताना सापडली तर त्याच्यामागं चौकशी लागते. पाच मुकादमांनी फोन ठेवून दिला. सहावा बजरंग. तिच्या आई-बापाचा मुकादम.

"माझ्या टोळीत पोरंच न्हाईत," तो म्हणाला.

"बजरंगमामा, मी आसारामची मनिषा."

"असशील. पोरं न्हाईत."

"मामा, मी पाच हंगाम तुमच्या टोळीत होते. तुमच्या यादीत माझं नाव कवाच नव्हतं. भाकरी मी करायचे, सत्यमला मी सांभाळायचे, उसाचं वाढं मी गोळा करायचे. पण कुणी इचारलं की तुमी हेच म्हणायचे, पोरं न्हाईत. म्हंजे मी कुठं होते, ते तरी सांगा."

पलीकडून फोन कटला. मनिषानं बजरंगाच्या वस्तीपुढं 'माहीत नाही' लिहिलं आणि उठली. तासाभरानं फोन वाजला.

"तेवीस," बजरंग म्हणाला. "नावं सांगतो. लिवून घी. आन माजं नाव कुठं घालू नको."

"न्हाई घालत," ती म्हणाली, आणि तेवीस नावं लिहून घेतली.

पंधराव्या दिवशी हिशोब लागला. अकराशे सत्तावीस कोऱ्या ओळींपैकी नऊशे शहाऐंशी पोरं खरोखर गेली होती, हंगामभरासाठी. त्र्याण्णव घरीच होती. त्यांचं घर फक्त त्या वेळेला बंद होतं. अठ्ठेचाळीस पोरांचा काही केल्या पत्ता लागला नाही. आधीची चारशे अठरा धरून गेलेल्यांचा आकडा झाला चौदाशे चार.

मॅडमच्या टेबलावर तिनं कागद ठेवला. मॅडमनी तो नीट वाचला. विजयसिंह सर शेजारीच बसले होते.

"ही अठ्ठेचाळीस तेवढी वगळून टाकू या," सर म्हणाले. "अहवाल स्वच्छ दिसेल."

"वगळायची न्हाईत," मनिषा म्हणाली. "माहीत नाही, अठ्ठेचाळीस. असंच छापायचं. नावानिशी."

"एवढा हट्ट कशाला?"

"सर, गेल्या वेळी आपण स्वच्छच अहवाल दिला होता."

मॅडमनी पेन उचललं आणि अठ्ठेचाळीसच्या खाली सही केली.

ह्यानंतर सगळं छान झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. नऊऐवजी एकतीस गावं अटीत बसत होती. मंजुऱ्या, भांडी, स्वयंपाकाच्या बाया ह्यात डिसेंबर गेला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वसतिगृहं उघडली, तीही बावीसच. पोरं तोवर चार-पाच जिल्हे पलीकडं, तळांवर. आई-बापांना निरोप धाडले, कुणी आजोबांसोबत पाठवली, कुणी ट्रकवाल्यासोबत. तीनशे दहा आली. बाकीची उन्हाळ्यातच आली. मनिषाच्या वस्तीवरचं वसतिगृह मारुतीच्या देवळामागच्या खोलीत भरलं. शेजारची तिन्ही पोरं परत आली, पण थोरलीनं दोन दिवस जेवायलाच नकार दिला. ती रडत होती, तिला माय पाहिजे होती. मनिषा तिच्याजवळ बसून राहिली. ह्या रडण्यासाठी तिच्याजवळ कुठली गाळणी नव्हती.

"चारशे अठरा ऱ्हायला असता, तर हिला रडवायला कुणी आणलंच नसतं," चंद्रभागाबाई हंगाम संपवून आल्यावर म्हणाली. ती टोमणा मारत होती, की लेकीची परीक्षा बघत होती, कळायला मार्ग नव्हता.

"माय, मला भागाकार सहावीत आला," मनिषा म्हणाली. "हिला चौथीत यील."

मार्चअखेर संस्थेनं तिचा करार वाढवला नाही. कारण कागदावर दिलं होतं, 'प्रकल्पाची फेररचना'. मनिषानं तो कागद घडी करून बॅगेत टाकला, टेबल पुसलं, आणि जाताना विजयसिंह सरांना नमस्कार केला. जूनपासून ती कडा गावाकडं एका महाविद्यालयात तासिकेवर संख्याशास्त्र शिकवायला लागली. पहिल्याच तासाला तिनं पोरांना तक्ता मोजायला दिला आणि सांगितलं, "उत्तर आलं की थांबायचं न्हाई. जे गळालं ते कुठं गेलं, ते आधी दावा मला."

सप्टेंबरमध्ये तिला संस्थेतून फोन आला. बोलणारे स्वतः विजयसिंह सर. यंदा मोजणी ट्रक निघायच्या आधी करायची ठरली आहे, मॅडमचा तसा आग्रह आहे. मोजणीची तिची जी संगणकातली आज्ञावली आहे, कोऱ्या रकान्यांसकट, ती मिळेल का?

"मिळेल की," मनिषा म्हणाली. "दोन अटी हायेत. अहवालावर माझं नाव पाहिजे. आन त्या अडतीस बायांची पाहिजेत."

"अडतीस नावं? अगं, मुखपृष्ठावर जागा कुठं आहे?"

"मग दुसरं पान घाला, सर."

"तू जरा जास्तच ताणतेस, मनिषा."

"व्हय. ताणते."

फोन ठेवला गेला. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी, ती तासाला निघायच्या बेतात असताना, मोबाईलवर एक पान आलं. वर शीर्षक, खाली दोन रांगांत नावं. तिनं बोट लावून मोजली. तिचं धरून एकोणचाळीस भरली. सरस्वतीबाईचं नाव पहिलं होतं.

मग तिनं आज्ञावली पाठवली.